गनाडोच्या हबेल ट्रेडिंग पोस्टला पहिल्यांदा जाताना

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींची ॲरिझोनाची सहल जवळजवळ ठरलेली असते. ग्रँड कॅन्यन, पेजजवळचा अँटिलोप कॅन्यन, जमलं तर मॉन्युमेंट व्हॅली, की परत. यातली शेवटची दोन ठिकाणं नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या स्वशासित मुलखात येतात. पण नवाहो माणसांशी आपला संबंध येतो तो रस्त्याकडेच्या टपरीवर कानातले बघताना, पाच मिनिटं. थोडी वाकडी वाट करून ईशान्य ॲरिझोनातल्या गनाडोला गेलात, तर गावाबाहेर मैलभरावर हबेल ट्रेडिंग पोस्ट लागतं, म्हणजे नवाहो लोकांशी मालाची देवाणघेवाण करणारं जुनं दुकान. लॉरेन्झो हबेलने ते १८७८ साली विकत घेतलं. आज ते राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, पण मुळात दुकान आहे आणि दुकान म्हणूनच चालू आहे. नवाहो नेशनमधल्या सतत चालत आलेल्या पोस्टांमध्ये हेच सगळ्यात जुनं मानतात.

मी तीनदा गेले. पहिल्या खेपेला म्युझियम बघायला जातात तशी गेले आणि चाळीस मिनिटांत बाहेर पडले. दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक म्हणून गेले, तेव्हा कुठे ते कळायला लागलं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माझी पहिली खेप वाचवावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडा हिशेब समजून घ्या

नवाहो स्वतःला दिने म्हणवतात. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांची शेतं, मेंढरं, पीचच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि हजारो लोकांना तीनशेहून जास्त मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेऊन ठेवलं. तिथे उपासमार आणि रोगराईत बरीच माणसं गेली. १ जून १८६८ला तह झाला आणि लोक परत आपल्या मुलखात आले. तहात पंधरा हजार मेंढ्या-बकऱ्या देण्याचं कलम होतं, कारण कळपाशिवाय या माणसांचं घर पुन्हा उभं राहणार नव्हतं. त्या तहावर सही करणाऱ्यांत गनाडो मुचो हा पुढारी होता. गावाला नाव त्याचंच आहे.

चार वर्षांच्या छावणीत लोकांना सरकारी शिध्याची सवय लागली होती: मैदा, कॉफी, साखर, चरबी. परत आल्यावर या वस्तू हव्या होत्या आणि हातात रोकड नव्हती. होती ती लोकर, कोकरं आणि बायकांच्या हातची विणकामाची कला. या फटीत ट्रेडर शिरला. वसंतात लोकर कापली की एक हप्ता, शरदात कोकरं विकली की दुसरा, मधल्या काळात सगळं उधारीवर. आपल्याकडे सुगीवर वाण्याची उधारी फेडायचे, तोच प्रकार. उधारीला तारण म्हणून चांदीचे दागिने गहाण राहायचे. घरात मोठा विधी असला की चांगला ट्रेडर तेच दागिने चार दिवसांसाठी परत द्यायचा आणि विधी झाला की ते पुन्हा दुकानात यायचे. मुदतीआधी कुणाचा दागिना विकला, तर त्या ट्रेडरचं नाव कायमचं गेलं म्हणून समजा.

हबेलला संत करू नका आणि सरसकट सावकारही ठरवू नका. तो १८५३ साली न्यू मेक्सिकोत जन्मला. आई स्पॅनिश वंशाची, वडील कनेटिकटहून आलेले. त्याला नवाहो भाषा यायची. १८८६च्या देवीच्या साथीत त्याने आजाऱ्यांची सेवा केली, लोकांची पत्रं वाचून दिली, भांडणं मिटवली. त्याच वेळी भावही तोच ठरवायचा आणि खतावणीही त्याच्याच हातात होती. तो आणि त्याची दोन मुलं मिळून वेगवेगळ्या वेळी चोवीस पोस्टं त्यांच्या मालकीची होती. एवढं डोक्यात असलं की आतल्या वस्तू बोलायला लागतात.

घड्याळ

इथे नवे लोक हमखास फसतात, मीही फसले. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही. नवाहो नेशन करतं. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फ्लॅगस्टाफमध्ये सकाळचे दहा वाजले असतील, तर गनाडोत अकरा. आम्ही आय-४० महामार्ग सोडून उत्तरेला वळलो तेव्हा गाडीत दोन फोन दोन वेगळ्या वेळा दाखवत होते. ज्याची वेळ सोयीची, त्याच्यावर विश्वास ठेवला आणि घराची शेवटची टूर हुकली. ट्युबा सिटीकडून २६४ क्रमांकाच्या रस्त्याने येणाऱ्यांची आणखी मजा. वाटेत होपी लोकांची भूमी लागते आणि होपी पुन्हा घड्याळ बदलत नाहीत. एका दुपारच्या प्रवासात तास पुढे, मागे, पुढे. न्यू मेक्सिकोतल्या गॅलपहून येत असाल तर काही भानगड नाही, तिथली वेळ नवाहो वेळेशी जुळते.

फोनची आपोआप बदलणारी वेळ त्या दिवसापुरती बंद करा. निघताना हाताने लावलेलं मनगटी घड्याळ सगळ्यात उत्तम.

रस्ता आणि गाडीत काय हवं

फ्लॅगस्टाफकडून आय-४० धरून पूर्वेला चेंबर्सपर्यंत या. तिथून यूएस-१९१ने उत्तरेला अडतीसेक मैल गेलं की गनाडो. गॅलपहून विंडो रॉकमार्गे पंचावन्न मैलांच्या आसपास पडतं. चेंबर्सच्या थोडं अलीकडे पेट्रिफाइड फॉरेस्ट लागतं. सकाळ तिथे आणि दुपार हबेलला, अशी जोडी छान बसते.

पेट्रोल आय-४०वरच भरून घ्या. मधल्या पट्ट्यात फोनची रेंज जाते-येते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. जागा सहा हजार फुटांच्या वर आहे. मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो आणि ऊन मात्र भाजतं. पाणी भरपूर ठेवा.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण सहलीच्या सामानात ती सहज राहून जाते. नवाहो नेशनमध्ये दारूला बंदी आहे. विकण्यालाच नव्हे, जवळ बाळगण्यालाही. डिकीतल्या बर्फाच्या पेटीत बिअर असेल तर ती अलीकडेच संपवा किंवा ठेवून या. ड्रोनही घरीच.

प्रवेशाला पैसे पडत नाहीत. हबेल कुटुंबाचं घर मात्र वाटाड्याबरोबरच बघता येतं आणि टूरच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. त्या उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून ठेवा.

आत शिरल्यावर: बुलपेन

बाहेरून दगडी, लांबट, बसकी इमारत. हिचं बांधकाम १८८३चं. फलक नसता तर गोदाम समजून पुढे गेला असता. दार जड आहे. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा पायाखालची फळी करकरते, मग डोळे अंधाराला सरावतात.

या पहिल्या खोलीला बुलपेन म्हणतात. तीन बाजूंनी काउंटर आणि मधे गिऱ्हाइकांना उभं राहायला मोकळी जागा, तिथेच लोखंडी शेगडी. काउंटर छातीपर्यंत येतील एवढे उंच आणि हात टाकला तरी पलीकडे पोचणार नाही एवढे रुंद. ते मुद्दाम तसे आहेत. ट्रेडर पलीकडून सगळ्यांवर नजर ठेवी आणि माल त्याच्या हाताशिवाय कुणाला मिळत नसे. आपल्या गावच्या वाण्याचा गल्ला आणि त्याची उंच बैठक आठवा. मागच्या फळ्यांवर डबाबंद पीच, टोमॅटो, कॉफी, इनॅमलची भांडी, लोकरीच्या लडी. छताला खोगीर-लगामाचं सामान टांगलेलं. आणि ब्ल्यूबर्ड मैद्याची पोती: सुती कापड, वर निळा पक्षी. फ्रायब्रेडसाठी, म्हणजे तळलेल्या पोळीसाठी, इथल्या बायकांना हाच मैदा लागतो.

इथे पटकन पुढे सरकू नका. शेगडीपाशी दहा मिनिटं नुसतं उभं राहा. जुन्या काळी गिऱ्हाईक मैलोन्‌मैल घोड्यावरून यायचं आणि घाई कुणालाच नसायची. आल्यावर आधी फुकटची तंबाखू, मग ख्यालीखुशाली, मग एकेक वस्तू. एक डबा घ्यायचा, उरलेल्या पैशांचा हिशेब करायचा, विचार करायचा, मग दुसरा. दिवस सरला तरी चालायचं, कारण इतर माणसं भेटायची ती इथेच. तुम्ही उभे असताना एखादे आजोबा येतील, सोडा घेतील, काउंटरवर कोपर टेकून दिने भाषेत दोन वाक्यं बोलतील आणि जातील. मला त्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट तीच.

काहीतरी किरकोळ विकत घ्या, इथेच. मी मैद्याचं लहान पोतं घेतलं. घरी पोळ्या चामड्यासारख्या झाल्या, भटुरे मात्र झकास.

रगच्या खोलीत

बुलपेनच्या बाजूची खोली रगची. रग ढिगाने रचलेले असतात आणि भिंतीवर छोट्या चौकटीत रगचीच चित्रं टांगलेली दिसतात. ती नुसती सजावट समजू नका. हबेल आपल्याला हवे असलेले नमुने चित्रकारांकडून रंगवून घ्यायचा आणि विणकर बायकांना दाखवायचा. पूर्वी ट्रेडर घोंगड्या वजनावर घेत, त्यामुळे जाडंभरडं विणण्यातच फायदा होता. हबेलला पूर्वेकडच्या शहरांत आणि फ्रेड हार्वी कंपनीच्या हॉटेलांत विकता येईल असा माल हवा होता. त्यातून गडद लाल जमीन, मधे मोठा हिरा किंवा क्रूस, काळी किनार असा ढंग रुळला आणि त्याला गनाडो रेड हेच नाव पडलं. राखाडी रंग बहुधा पांढरी आणि काळी लोकर एकत्र पिंजून येतो. लाल मात्र पुडीतला, रासायनिक. नैसर्गिक रंगाच्या नादात लाल रगला नाक मुरडू नका, इथे तोच परंपरेचा रंग आहे.

बघायची रीत अशी. ढिगाला थेट हात घालू नका. काउंटरवरच्या माणसाला विचारा, तो एकेक उलगडून दाखवतो. प्रत्येक रगला चिठ्ठी असते: विणकराचं नाव, गाव, किंमत. नाव मोठ्याने वाचा. दुकानदार त्या बाईंना ओळखत असला तर त्यांच्याबद्दल दोन शब्द नक्की सांगतो.

मग हे तपासा. खऱ्या नवाहो रगला सहसा झालर नसते. माग उभा असतो आणि ताणा (उभे धागे) म्हणजे एकच सलग धागा, वरून खाली आणि खालून वर फिरवलेला. त्यामुळे टोकाला कापलेले धागे राहतच नाहीत, फार तर चार कोपऱ्यांना छोटे गोंडे. झालरीच्या जागी कापलेले ताणे खुपसून लपवलेले दिसले, तर माल दुसरीकडचा असण्याचा संशय घ्या. बाजूची किनार बोटांनी चाचपा. परदेशी नकलेत कडेला तीन-चार ताणे एकत्र घेतल्याने उंचवटे लागतात. मग रग उजेडासमोर तिरका धरायला सांगा. विणीत फिकट तिरप्या रेघा दिसल्या तर आनंद माना. विणकर बाई मागासमोर बसून हात पोचेल तेवढाच भाग आधी भरते, मग सरकून शेजारचा, आणि दोन भागांच्या सांध्यावर ती रेघ उमटते. काही रगांत आतल्या जमिनीपासून किनारीच्या बाहेरपर्यंत एकच बारीक, वेगळ्या रंगाची ओळ गेलेली असते. ती चूक नव्हे. विणकराचं मन नक्षीत अडकून पडू नये म्हणून ठेवलेली वाट आहे ती. सगळ्याच बायका ती ठेवत नाहीत.

माझं आजोळ सातारकडचं. सनगरांच्या आडव्या मागावरची, चिंचोक्याची खळ दिलेली कडक घोंगडी लहानपणी अंगाला टोचायची. गनाडोचा रग हातात घेतल्यावर पहिली आठवण तिची आली. पण हा टोचत नव्हता आणि लाकडी फणीने ठोकून ठोकून इतका घट्ट केला होता की बोटाचं नख आत शिरेना.

किंमत, घासाघीस, दागिने

छोटा, हातभर रगही शेकडो डॉलरचा असतो आणि मोठे हजारोंत जातात. मेंढी पाळणं, कातरणं, पिंजणं, कातणं, रंगवणं आणि मग महिनोन्‌महिने विणणं. हा हिशेब मांडलात तर भाव चढा वाटत नाही. घासाघीस करायची खुमखुमी आपल्याला असतेच. इथे एकदा, शांतपणे विचारा की यात काही कमी होईल का. नाही म्हणाले की विषय संपला. ‘दुसरीकडे स्वस्त मिळतं’ हे वाक्य गाडीतच ठेवून या.

दागिन्यांच्या खोलीत कारागिराचा शिक्का आणि चांदीची खूण बघा. पिरोजा नैसर्गिक आहे की राळ भरून पक्का केलेला, हे सरळ विचारा. दोन्ही चालतात, भाव वेगळा हवा. दुसऱ्याच कुणाचा माल नेटिव्ह अमेरिकन कारागिराचा म्हणून खपवणं १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा पावतीवर कारागिराचं नाव, जमात आणि वस्तूचं वर्णन लिहून मागताना संकोच नको.

गॅलपच्या दुकानांत ‘डेड पॉन’ अशी पाटी दिसेल. मुदतीत सोडवता न आलेलं गहाण, असा त्याचा अर्थ. १९७०च्या दशकात सरकारी नियम कडक झाले आणि गहाणाचा धंदा नवाहो नेशनमधून असल्या सीमेवरच्या गावांत गेला. जुने, जड, सुंदर दागिने असतात. मी घेत नाही. कुणाच्या तरी आजीच्या पाटल्या आहेत असं वाटत राहतं. तुम्ही घेतलेत तर त्यात बेकायदा काही नाही, पण जुनेपणाच्या गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नका.

रग घरी आणताना गुंडाळी करून आणा, घडी नको. पाण्यात धुऊ नका, लाल रंग पांढऱ्यात उतरतो. वर्षातून दोनदा उलगडून झटका, कसर लागलीय का बघा.

घर आणि मागचं आवार

टूर मिळाली तर सोडू नका. बाहेरून साधं मातीच्या विटांचं घर, आत शिरल्यावर मान वर करा: छताच्या तुळयांमध्ये टोपल्याच टोपल्या बसवल्या आहेत. जमिनीवर रग, भिंतींवर एल्ब्रिज बरबँकने लाल खडूने काढलेली नेटिव्ह माणसांची चित्रं. हबेलच्या जेवणाच्या टेबलाला कुणालाही मज्जाव नसे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही १९१३ साली इथे येऊन गेला. हबेल १९३० साली वारला. त्यानंतर मुलांनी आणि शेवटी त्याची सून डोरोथीने पोस्ट सांभाळलं, आणि १९६७ साली तिने ते उद्यान खात्याला विकलं. घर सामानासकट दिलं म्हणून आज ते कुणी नुकतंच बाहेर गेल्यासारखं दिसतं.

मागे गोठा, शेतं, आणि बऱ्याचदा चुरो जातीच्या मेंढ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांचा वेळ इथे जातो. आवारात दगडी होगन, म्हणजे नवाहोंचं पारंपरिक घर आहे. होगनचं दार पूर्वेला असतं. उत्तरेकडे छोटी शंकूसारखी टेकडी दिसेल, तिच्यावर हबेल, त्याची बायको लीना आणि त्याचा नवाहो मित्र मेनी हॉर्सेस यांना पुरलंय. ती खालूनच बघा. मृत्यूबद्दल आणि मेलेल्या माणसांबद्दल बोलणं इथे अनेकांना रुचत नाही, म्हणून त्यावर प्रश्नांची सरबत्तीही नको.

व्हिजिटर सेंटरमध्ये पुष्कळदा एखाद्या बाई मागावर बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी शांत उभं राहा. फोटो हवा असेल तर आधी विचारा, हातातला फोन खाली ठेवून. नाही म्हणाल्या तर हसून मान हलवा. होपी गावांतून येणार असाल तर तिथे फोटोच काढायचे नाहीत.

बोलणं-चालणं

हस्तांदोलन हलकं, जवळजवळ नुसता स्पर्श. जोरात हात हलवणं उद्धट वाटतं. नजरेला नजर रोखून बोलत नाहीत, म्हणून समोरचा माणूस तुटक आहे असं समजू नका. बोट दाखवत नाहीत, दिशा ओठांनी दाखवतात. मी रस्ता विचारला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ओठ पुढे काढले आणि मी बावळटासारखी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले. ‘या-अ-तेह’ म्हणजे नमस्कार, ‘आहेहे’ म्हणजे धन्यवाद. उच्चार चुकला तरी चेहरे खुलतात. आणि ‘आम्हीसुद्धा इंडियन’ हा विनोद त्यांनी हजारदा ऐकलाय. त्यांनीच केला तर हसा.

खाणं

शाकाहारी असाल तर डबा बरोबर असू द्या. दशम्या, चटणी, चिवडा, काहीही. गनाडोत मोजकीच ठिकाणं आहेत. मटणाचा रस्सा आणि फ्रायब्रेड हे इथलं खरं जेवण. फ्रायब्रेड आपल्या भटुऱ्याची बहीण, पण ती पुष्कळदा चरबीत तळतात, तेव्हा विचारून घ्या. तिचा जन्म त्या छावणीतल्या मैद्या-चरबीच्या शिध्यातून झाला असं सांगतात. निळ्या मक्याची पेज मिळाली तर जरूर घ्या, जुनिपरची राख घालून करतात आणि तिला मातीसारखा मऊ वास असतो.

तिथून पुढे

मुक्काम शक्यतो चिनलीला करा. उत्तरेला चाळीसेक मैलांवर आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन्यन डे शेच्या दक्षिण कडेवरून स्पायडर रॉक बघता येतो. नवाहो लोकांना विणणं शिकवलं ते जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या देवतेने, ‘स्पायडर वुमन’ने, आणि ती त्या सुळक्याच्या माथ्यावर राहते, असं ते मानतात. आदल्या दिवशी रगचा ढीग हाताळून आलेल्या माणसाला तो सुळका वेगळा दिसतो.

फक्त हबेलमधून उजेड आहे तोवर निघा. रस्त्याला कुंपण नसलेल्या जागा खूप आहेत आणि तिन्हीसांजेला गाई, घोडे, मेंढरं डांबराच्या उबेला येऊन उभी राहतात. आम्ही निघालो तेव्हा चिनलीच्या अलीकडे एक काळी घोडी रस्त्याच्या बरोबर मधोमध उभी होती. दिवे मंद केले, हॉर्न वाजवला नाही, गाडी बंद करून थांबलो. पाच मिनिटांनी तिचं शिंगरू झुडपातून बाहेर आलं, मग दोघं गेली.